याचं घर कुठंय, ताई

रंजनाताई, तुझ्या स्क्रीनवरचे बोटांचे डाग अजून कुणी पुसलेले नाहीत. सफाईच्या मावशी फडकं घेऊन आल्या होत्या. त्यांना मी इतक्या जोरात "राहू द्या" म्हणाले की त्या बिचाऱ्या बादली घेऊन थेट लिफ्टपाशी जाऊन थांबल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मृणाल, डागांवर एवढी माया, आणि मला कधी एक टिश्यू आणून दिला नाहीस." खरंय. नाही दिला.

मंगळवारी सकाळी तू गेलीस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते पेपरातल्या चौकोनात छापून आलंय आणि त्यातला फोटो बघून तू आमच्याशी दोन दिवस बोलली नसतीस. मला बोलायचंय ते सोमवारबद्दल. सोमवारी निघताना तू मला म्हणालीस, "थांब, उद्या बघू." त्या उद्याबद्दल. लोक मला विचारतात, फार वाईट वाटत असेल ना. मी हो म्हणते. वाईट वाटतंच. पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, पोटात जे आहे ती भीती आहे. जेवायला बसलं की ती आधी ताटावर येऊन बसते.

आपल्या कामाचं कुणाला सांगायचं म्हटलं की आपली नेहमीच पंचाईत व्हायची. नवजात बाळांना ऊब देणारे पाळणे आपली कंपनी बनवते आणि त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर आपण दोघी लिहितो, इथपर्यंत लोकांना कळायचं. "वा, पुण्याचं काम," असंही म्हणायचे. त्यापुढे इटरेटर म्हटलं की समोरचा चहाचा कप शोधायला लागायचा. तू मात्र सोडायची नाहीस. यादीतल्या एका आकड्यावर ठेवलेलं बोट म्हणजे इटरेटर, तू सांगायचीस. यादी आहे तोवर त्या बोटाला अर्थ आहे. यादी नाहीशी झाली आणि बोट तसंच राहिलं की ते डँगलिंग, म्हणजे अधांतरी लोंबकळणारं झालं. आणि खरी भीती पुढे आहे, असं म्हणून तू आवाज खाली आणायचीस. यादी गेली तरी तिथला आकडा लगेच जात नाही. दुसरं कुणी ती जागा घेईपर्यंत तो मेमरीत पडून असतो. म्हणून प्रोग्राम चालतो. टेस्टिंगमध्ये चालतो, डेमोला चालतो, सगळे टाळ्या वाजवतात. आणि मग एक दिवस ती जागा दुसरं कुणी घेतं.

बोटांची भानगड तू मंडईतून आणलीस, मी साक्षीदार आहे. एकदा एका शनिवारी आपण भाजीला गेलो होतो. तू एक फ्लॉवर हेरलास, "तो तिसरा द्या" म्हणालीस आणि पैसे काढायला पर्समध्ये डोकं घातलंस. तेवढ्यात भाजीवाल्याने वरचे दोन दुसऱ्या बाईंना देऊन ढीग परत रचला. पिशवीत पडला तो भलताच, काळ्या ठिपक्यांचा. पुढच्या खेपेला तू फ्लॉवरवर बोट ठेवलंस ते तो पिशवीत जाईपर्यंत उचललंच नाहीस.

"ओ मॅडम, बोट काढा की. पळून नाय जात तो."

"तो नाही पळत. तुम्ही पळवता."

त्यानंतरच्या सोमवारी तू ऑफिसात आलीस ती नवा नियम घेऊनच. कोड तपासताना दोन माणसं एका स्क्रीनसमोर बसणार. लिहिणाऱ्याने बोट ठेवायचं ते यादीचं आयुष्य जिथे संपतं त्या कंसावर. तपासणाऱ्याने ठेवायचं ते इटरेटर शेवटचा जिथे वापरलाय त्या ओळीवर आणि विचारायचं, "याचं घर कुठंय?" तपासणाऱ्याचं बोट कंसाच्या खाली गेलं की कोड परत. अभिजितसरांना, म्हणजे आपल्या बॉसना, ज्यांना तू अरे-तुरे करायचीस आणि मी अहो-जाहो, हा प्रकार पहिल्यांदा दिसला तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "प्लँचेट चाललंय का? आत्मा आला की मला बोलवा." तू वर न बघता म्हणालीस, "तुझा कोड आला की बोलावते. त्यात आत्मा नसतोच." सर निघून गेले, पण नियम राहिला.

आणि आपल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत रेंजेस आल्या तेव्हा तर तू पेढे वाटायचीच काय ती बाकी होतीस. आता यादी सगळीच्या सगळी हातात द्यायची, तिची सुरुवात आणि शेवट वेगवेगळे सांभाळत बसायला नको. त्यातही बिननावाची, त्या ओळीपुरतीच जन्मलेली यादी दिली तर कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून मशीनला समजेल असा करणारा प्रोग्राम, इटरेटर देतच नाही. त्याच्याऐवजी एक ठोकळा देतो, त्याचं नावच डँगलिंग. तो वापरायला गेलं की कंपायलर ओरडतो. बिननावाची यादी ओळीच्या अर्धविरामापाशी मरते, तू म्हणायचीस, तिला आधी नाव दे, मग काय ते विचार. मी कंपायलरच्या लाल ओळी बघून वैतागायचे तेव्हा तुझं नागपूर बाहेर यायचं. "काहून भिऊन राहिली वं? ओरडतो तोवर भ्यायचं नाही. गप्प बसला की भ्यायचं."

फक्त एका प्रकारच्या वस्तूंना या ओरडण्यातून सूट आहे. त्यांना तू "उसन्या" म्हणायचीस. ते वारज्याला तुझ्या घरी जेवताना तू मिलिंदभाऊजींना समजावलं होतंस, आठवतं? भाऊजींच्या हातात सांबारवडीचं ताट, तुझ्या हातात भाकरीचा तुकडा.

"समजा, रस्त्यात एकाला पत्ता विचारला. त्याने सांगितला आणि तो निघून गेला. तरी घर जागच्या जागी असतं ना? ही उसनी वस्तू. तिच्याजवळ स्वतःचं काही नसतं, ती नुसती दुसऱ्याच्या यादीकडे बोट दाखवते. ती गेली तरी चालतं. आणि दुसरा एक आहे, तो घर पाठीवर घेऊनच फिरतो. तो गेला की घरही गेलं."

"म्हणजे गोगलगाय," भाऊजी म्हणाले.

"हां, गोगलगाय. गोगलगाईकडून पत्ता घ्यायचा नाही."

आपण तिघं किती हसलो होतो. पण एखादी वस्तू पत्ता सांगणारी आहे की गोगलगाय, हे कंपायलरला आपल्या मनाने कळत नाही. आपली वस्तू असेल तर आपणच त्याला शब्द द्यायचा, ही उसनी आहे रे, हिच्यावर ओरडू नकोस. एकच ओळ असते ती. आणि ती त्या वस्तूच्या आत लिहिता येत नाही, बाहेर, लांब कुठेतरी लिहावी लागते. तुझी ओळ दुसऱ्याच फाइलच्या तळाशी होती.

आता तो शेवटचा सोमवार. पाळण्याला दोन तारा असतात, एक बाळाच्या पोटाला, एक गादीखाली. दोन्हीकडून आकडे येतात, प्रत्येकीची वेगळी यादी होते, बाळाच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा आपण शोधतो. त्यावर हीटर चालतो. यादीतले आकडे दाखवणारी वस्तू तू स्वतः लिहिलेली. मी तोच भाग वाचत होते. वाचता वाचता सहज म्हणाले, "ताई, सगळीकडे तो आपल्यावर ओरडतो, इथे का नाही ओरडत?"

"मी सांगितलंय त्याला. ते उसनं आहे."

"पण हिवाळ्यात तूच ते बदललंस ना? आता ते आकड्यांची स्वतःची प्रत ठेवतं."

तू पर्सची चेन लावत होतीस. चेन अर्ध्यात थांबली. स्क्रीनकडे बघितलंस, फार वेळ नाही. "थांब," म्हणालीस. "उद्या बघू." माझ्या पुणेरी "बघू"ला तू नेहमी हसायचीस, तुमच्याकडे बघू म्हणजे नाही म्हणून. तुझ्या तोंडचं बघू म्हणजे मात्र खरोखर बघणं असायचं. त्या विश्वासावर मी निवांत घरी गेले.

शुक्रवारी एका लहान हॉस्पिटलातून फोन आला. पाळण्याचा आकडा मध्येच खाली गेला, सिस्टर सांगत होत्या. बाळ थंड आहे असं मशीन दाखवतंय आणि हीटर वाढलाय, पण हात लावला तर बाळ गरम. त्यांनी मशीन बंद केलं आणि बाळाला आईच्या अंगावर दिलं. थोड्या वेळाने सुरू केलं तर सगळं ठीक. "बाळ बरंय," त्या म्हणाल्या, "पण असं होतं का हो नेहमी?" मी नाही म्हणाले.

मग मी तुझी फाइल उघडली, ताई. तू ती वस्तू लिहिलीस तेव्हा ती खरोखर नुसती खिडकी होती, तुझा शब्द खरा होता. पण खिडकीतून बघताना खालचे आकडे बदलतात हे हिवाळ्यात तुझ्या लक्षात आलं. चांगलंच लक्षात आलं. म्हणून तू तिला प्रत ठेवायला लावलंस. ती सुरक्षित झाली आणि त्याच क्षणी गोगलगाय झाली. लांबची ती ओळ तशीच राहिली, ही उसनी आहे, ओरडू नकोस. कंपायलर बिचारा तुझ्या शब्दाला जागला. यादी अर्धविरामापाशी मरत होती, आपण तिच्यात बोट घालून बाळाचं तापमान विचारत होतो, आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबर येत होतं. कधीतरी ती जागा गादीखालच्या तारेची यादी घ्यायची. मग आपण बाळाच्या जागी गादीचं तापमान वाचायचो.

मी पुन्हा वाचलं. मला ते चुकीचं ठरायला हवं होतं. देवाधर्माचं माझं कधी काही नसतं हे तुला माहीत आहे, पण मी मनात म्हणत होते, कुणाचंतरी असू दे हे, ताईचं नको. बदलावर नाव तुझंच होतं.

भीती कसली होती ते सांगते, कारण तू विचारलं असतंस. पहिली सरळ होती. ते पाळणे आत्ता या घटकेला चालू होते आणि त्यात बाळं झोपली होती. दुसरी मला बोलताही येत नव्हती. तुला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी तुझ्या नावावर बोट ठेवायला निघाले होते. तू उलट उत्तर द्यायला नव्हतीस. तुझ्याशी भांडण्यात मजा होती ती तू जिंकायचीस म्हणून. उठले. तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी ऐकून घेतलं. टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं.

"खात्री आहे?"

"हो."

"रंजनाची ओळ?"

"हो."

"वर कळवलं की वरचे काय म्हणतील माहितीये ना? गेलेल्या माणसाची चूक. सगळ्यांनाच फार सोयीचं."

"म्हणून कळवायचं नाही?"

"मी असं म्हणालो का? सोयीचं आहे, एवढंच म्हणालो."

आणि त्यांनी फोन उचलला. नवे पाळणे पाठवायचे थांबले. आधी पाळणे गेलेल्या प्रत्येक हॉस्पिटलला आम्ही दोघांनी फोन लावले, ऑटोमॅटिक बंद करा, हीटर हाताने लावा, बाळावर लक्ष ठेवा. सर प्रत्येकाला "आमची चूक" म्हणत होते. तुझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पण ताई, पलीकडे फोन उचलला जाईपर्यंत जी रिंग वाजायची ना, ती मी विसरणार नाही. प्रत्येक रिंगला वाटायचं, आता कुणीतरी रडत बोलेल. एका ठिकाणी खूप वेळ कुणी उचललाच नाही. मी खुर्चीची कड धरून उभी होते. शेवटी उचलला तर सिस्टर जेवायला बसल्या होत्या. सगळी बाळं ठीक होती. सरांनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. "तिला आत्ता इथे असायला पाहिजे होतं," ते म्हणाले, "शिव्या घालायला तरी."

शनिवारी मी तुझी ती ओळ पुसली. एक ओळ, त्यात काय, पण बोट कीवर धरून किती वेळ बसले होते. तुझा शब्द मागे घेणारी मी कोण? मग पुसली आणि बिल्ड लावलं, सगळा कोड पुन्हा कंपायलरकडे दिला. आणि कंपायलर ओरडायला लागला. इथे ओरडला, तिथे ओरडला, लाल ओळी संपेचनात. इतके दिवस तुझ्या भिडेने गप्प होता तो. तू गेल्यापासून सगळे माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते, ताई. पहिल्यांदाच कुणीतरी मला तुझ्यासारखं झापत होतं. मी डबा बाजूला सारला आणि तिथेच रडले.

रविवारी जलदान विधीला वारज्याला आले. पांढऱ्या साड्या, सतरंज्या, तुझा तोच न आवडणारा फोटो. भंतेजी अनित्यतेवर बोलले. मला मनातल्या मनात हसू आलं, की ताईला हे काय सांगता, ती तर त्याचाच पगार घ्यायची. वंदना झाल्यावर भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना पाळण्यांचं काही माहीत नव्हतं, मी सांगितलेलं नाही अजून. ते आपणहून म्हणाले, "सोमवारी रात्री ती जेवतच नव्हती. ताटाशेजारी दोन बोटं टेकवून बसली होती, एक वर, एक खाली. मी म्हटलं काय झालं. म्हणाली, काही नाही, उद्या लवकर निघते, मृणालच्या आधी पोचायचंय."

म्हणजे तुला कळलं होतं. जेवताना कळलं की त्या अर्ध्या चेनपाशी कळलं, ते आता कुणाला विचारू? माझ्या आधी पोचून काय करणार होतीस? गुपचूप ओळ पुसणार होतीस, का मला बोलावून बोट ठेवायला लावणार होतीस? मला माहीत आहे काय करणार होतीस. अख्ख्या ऑफिसला बोलावून स्वतःच्या ओळीवर स्वतःच बोट ठेवलं असतंस आणि म्हणाली असतीस, "या, बघा, गोगलगाय." मला हे माहीत आहे. पण तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि तू ती रात्र भीत काढलीस का या विचाराने मला झोप लागत नाही.

आता एखादा हुशार माणूस म्हणेल, मृणाल, तूच डँगलिंग झालीस, जी नाही तिच्याकडे बोट दाखवत बसलीयेस. मलाही सुचलं ते. तू म्हणाली असतीस, उपमा नको, कोड दाखव. माझी भीती त्याहून साधी आहे. तू कोण होतीस, ताई? पत्ता सांगणारी, की घर पाठीवर घेऊन फिरणारी? इतकी वर्षं मला वाटायचं, बरोबर काय आणि चूक काय हे सगळं तुझ्यापाशी आहे, अडलं की तुझ्या खुर्चीपाशी जायचं. ते तुझ्याबरोबर गेलं असेल तर मी आणि मागे राहिलेले आम्ही सगळे मेलेल्या यादीतून आकडे वाचतोय, आणि ते अजून बरोबर येतायत एवढंच.

आज सोमवार. सकाळपासून एकेका यादीला नाव देत आले. जिथे जमलं तिथे बोट परत द्यायचं सोडून सरळ आकडाच परत दिला, तू म्हणायचीस तसं, पत्ता नको, वस्तूच घेऊन ये. दुपारी शेवटची लाल ओळ गेली. कंपायलर गप्प झाला.

आणि मला भयंकर भीती वाटली. नाव दिलेली यादीही कंसापाशी मरतेच, आणि तिथे तो ओरडत नाही. तिथे फक्त तुझा नियम आहे. मी तुझ्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची ओढली, पहिली यादी काढली, तिच्या कंसावर बोट ठेवलं. आणि तशीच बसून राहिले. दुसरं बोट माझंच ठेवून चालत नाही, हेही तूच ठरवलेलं.

किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. अभिजितसर केबिनमधून बाहेर आले. मला वाटलं, प्लँचेट म्हणणार. त्यांनी चष्मा पुसला, मग शर्टाला बोट पुसलं, आणि तुझ्या खुर्चीत न बसता, वाकून, तुझ्या डागांच्या मधोमध शेवटच्या वापराच्या ओळीवर ते टेकवलं. ते त्यांनी इतकं घट्ट दाबलं की खालची अक्षरं विस्कटली. म्हणजे तेही घाबरलेत, ताई.

"हं," ते म्हणाले. "याचं घर कुठंय?"

मी दाखवलं.

"पुढची."